आईला सांगायचं होतं

मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, आबांना, आणि मला सांगितलं की आईच्या जिभेला कॅन्सर आहे, शनिवारी ऑपरेशन करू, जिभेचा डावीकडचा भाग काढावा लागेल. आई बाहेर बाकावर बसली होती. बुधवारी माझी नोकरीची मुलाखत होती.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय म्हने डाक्टर?" आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "काही नही. गाठ शे. काढी टाकतीन." आणि पाण्याचा नळ शोधायला म्हणून व्हरांड्यात चालत गेले ते बराच वेळ परतलेच नाहीत. आईने मला काही विचारलं नाही. पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं. त्या वेळी मला वाटलं, तिला काही कळलेलं नाही. माझं वय बावीस होतं आणि मी पुष्कळ पुस्तकं वाचलेली होती. तेवढ्यावर माणसं कळतात अशी माझी समजूत होती.

आम्ही तेव्हा सुरतेत उधन्याला राहत होतो. एका ओळीत चौदा खोल्या, पुढे गटार, गटाराच्या पलीकडे कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने. आबा तिथे बारा तासांची पाळी करत. लूमचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, असंच म्हणायला हवं. तो बंद पडला की ऐकू यायचा. वीज गेली की सगळी ओळ दचकून दारात यायची. त्या आवाजात वर्षं काढल्यामुळे आबांचं साधं बोलणंही ओरडण्यासारखं होतं. ते "मीठ दे" म्हणाले की तिसऱ्या खोलीतली सरूमावशी ओरडायची, "दी दे वं आक्का, नही त मी लई येस!" आमच्या घरात गुपित असं काही नव्हतंच. आबांच्या तोंडून निघालेली कुठलीही गोष्ट चौदा खोल्यांची व्हायची.

आई घरी धागे कापायचं काम करी. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून आलेल्या साड्यांचे गठ्ठे यायचे. त्यांच्या उलट्या बाजूला फुलापासून फुलापर्यंत सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने जपून कापायचे. धागा ओढला तर फूल उसवतं. दुपारी सगळ्या बायका आमच्या दारात गोल बसून हे काम करायच्या. कात्र्यांचा आवाज, बायकांच्या गप्पा, मध्येच कुणाच्या तरी सासूची नक्कल, आणि चुलीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. भाकरी भाजली की त्यावर तेल आणि लसणाची चटणी, एवढंच आमचं दुपारचं जेवण. सुरतेत इतकी वर्षं राहूनही तसली भाकरी मला आता मिळत नाही. पीठ मिळतं. आच मिळत नाही.

आता आईच्या त्या दुसऱ्या कामाबद्दल सांगते. त्याचा पगार नव्हता आणि त्याला नावही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं आणि आसपास फोन तेवढा एकच, दुकानाच्या शेठकडे. अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, कुठूनही कुणाच्या मरणाची बातमी आली की शेठ ज्याची बातमी त्याला सांगत नसे. तो नोकराला आमच्याकडे पाठवायचा. "आक्काबेनने बोलाव." आई जाऊन फोनवरचा निरोप घ्यायची, कोण, कधी, कशाने, हे सगळं दोनदा विचारून घ्यायची. मग घरी येऊन भाकरी टाकायची, ताट वाढायची, वर दुसरं ताट झाकायची आणि त्या घरी जायची. बातमी कळल्यावर माणूस जेवत नाही, आणि गावाकडची गाडी लांबची. म्हणून आधी दोन घास पोटात गेले पाहिजेत, हा तिचा पहिला नियम होता.

पण चार-सहा वेळा असं झाल्यावर आईचं झाकलेलं ताट गल्लीत निघालं की माणसं घाबरू लागली. एकदा ती नुसतं भरीत द्यायला गेली, तर सरूमावशीचा नवरा दारातच खाली बसला. "थांब आक्का, पहिले माले बठू दे. आते सांग, कोन गया?" सगळे हसले. आई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने एक नवी रीत सुरू केली. आठवड्यातून दोन-तीनदा, काही कारण नसताना, ती कुणाच्या ना कुणाच्या घरी झाकलेलं ताट घेऊन जाऊ लागली. कधी डुबूक वड्या, कधी नुसती खिचडी. गल्लीला वाटलं, आक्काचा हात सैल आहे. मला खरं कारण फार उशिरा कळलं. झाकलेल्या ताटाची भीती मोडायची होती तिला. एका वाईट बातमीसाठी वीस साधी ताटं. पुढे मी वाईट बातमी कशी सांगावी यावरची पुस्तकं वाचली, शिबिरांना बसले, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली. चौथी शिकलेल्या बाईने एकटीने शोधून काढलेल्या या गोष्टीच्या जवळ जाईल असं काही मला त्यात सापडलं नाही.

ताट ठेवून ती सांगत नसे. विचारत असे. सरूमावशीचा भाऊ गेला तेव्हा मी तिच्याबरोबर होते. मावशी जेवली, हात धुतला, मग आई म्हणाली, "सरू, मांगला हप्तामा तुन्हा भाऊनी तब्येत कशी व्हती?" मावशी सांगू लागली. ताप होता. पोट फुगलं होतं. धुळ्याला नेलं होतं. डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं होतं. एकेक वाक्याबरोबर तिचा आवाज खाली जात होता. शेवटी ती थांबली आणि आईकडे बघत म्हणाली, "गया का वं आक्का?" आई म्हणाली, "हाऊ, माय. गया." देवाघरी गेला नाही, शांत झाला नाही. गया. मग पुढचा तासभर आई एक शब्द बोलली नाही. मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली.

बाकीच्या गल्ल्यांत असं नव्हतं. आमच्या लोकांची रीत अशी की मेलेल्या माणसाला गाव येईपर्यंत जिवंत ठेवायचं. तब्येत बरी नाही, भेटून येऊ, असं म्हणून गाडीत बसवायचं. आईच्या वडिलांच्या वेळी आबांनी तिला असंच नेलं होतं. आजोबांना चहात बुडवून नानखटाई आवडायची, म्हणून आईने वाटेत उतरून नानखटाईचा डबा घेतला आणि नंदुरबारपर्यंत आणि नंदुरबारपासून पुढेही तो मांडीवर धरून बसली. घरापुढच्या गर्दीत शिरली तेव्हाही डबा तिच्या हातात होता. अग्नी देऊन लोक परतले होते. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, साड्यांची घडी घालताना, आणि शेवटी म्हणाली, "आख्खी गाडीले ठाऊक व्हतं. माले एकलीले नही."

म्हणूनच मंगळवारी संध्याकाळी आबा जे बोलले ते मला सहन झालं नाही. त्यांनी मला गटाराच्या कडेला नेलं. "तिले काही सांगानं नही. कळनं त ती हाय खाई जाई. कागदवर मी सही करसू."

"आबा, अर्धी जीभ जाणार आहे. शनिवारी शुद्धीवर येईल तेव्हा तिला कळेलच की."

"तवय पाहू."

"तुम्ही दुसऱ्यांदा तेच करताय."

ते वळून खोलीकडे निघाले.   तेव्हा मी एवढंच ठरवलं की शनिवारच्या आत मी आईला सांगेन. कसं सांगायचं हे मला माहीत नव्हतं. ज्या बाईने सगळ्या गल्लीला सांगितलं, तिला सांगायला गल्लीत कोणी नव्हतं.

बुधवारी सकाळी आईने माझी साडी इस्त्री करून ठेवली होती. मुलाखत शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात होती. डॉक्टर काय म्हणाले ते नातेवाइकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारी मुलगी त्यांना हवी होती. मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही यायला हव्यात. टेबलामागे तिघं होती. मधोमध पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई, उजवीकडे दवाखान्याचे व्यवस्थापक, डावीकडे एक गृहस्थ नुसते लिहीत होते. नाव, शिक्षण, राहता कुठे, हे झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "एखाद्याला ऐकायला अवघड अशी गोष्ट सांगायची आहे. त्याला ती समजली पाहिजे आणि तुम्ही त्याच्या बाजूच्या आहात हेही त्याला कळलं पाहिजे. कसं सांगाल?"

या प्रश्नाचं उत्तर मी वहीत लिहून पाठ केलं होतं. शांतपणे सांगेन, सोपे शब्द वापरेन, समोरच्याच्या भावनांचा आदर राखेन. मी ते म्हणून दाखवलं. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं.

"हे सकाळपासून सहा जणींनी सांगितलं," डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या. "केलंय कधी?"

"मी नाही. माझ्या आईने केलंय."

मग मी ताटाची गोष्ट सांगितली. साध्या दिवसांच्या ताटांची सांगितली, सरूमावशीची सांगितली. मी कोणत्या भाषेत बोलत होते मला आठवत नाही, तिन्ही मिसळल्या असतील. लिहिणाऱ्या गृहस्थांनी लिहिणं थांबवलं होतं. डॉक्टरबाई टेबलावर दोन्ही कोपरं ठेवून पुढे झुकल्या होत्या. "आधी विचारते," त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. "अने तमे? तुम्हाला कधी वेळ आली तर?"

"आली आहे," मी म्हणाले. "काल कळलं. आईच्या जिभेचा कॅन्सर आहे. शनिवारी ऑपरेशन आहे. तिला अजून माहीत नाही. मला सांगायचं आहे."

 व्यवस्थापक हळू आवाजात म्हणाले, "तो बेन, आजे केम आव्या? आज कशाला आलात?"

"आले नसते तर आईने कारण विचारलं असतं."

डॉक्टरबाईंनी माझी समजूत घातली नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि विचारलं, "जीभ किती जाणार? मागे किती राहणार? गिळता येईल का? कोणते शब्द येतील, कोणते येणार नाहीत?"

डावीकडची बाजू जाणार, यापलीकडे मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मंगळवारी कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर मी पुढचं काही विचारलंच नव्हतं.

"मग आईने विचारलं तर काय सांगणार? नुसतं रडणार?" त्यांचा आवाज कडक नव्हता. शिक्षक फळ्याजवळ उभं करून विचारतो तसा होता. "आधी तिथे जा. विचारून घ्या. मग घरी जा. निवडीचं आम्ही कळवू."

मी सरळ सरकारी दवाखान्यात गेले. मोठे डॉक्टर भेटले नाहीत. एक शिकाऊ डॉक्टर भेटला, माझ्याच वयाचा, न जेवलेला. मी त्याला तेच प्रश्न विचारले. त्याने केसपेपर उलटा केला आणि मागे पेनाने जीभ काढली. मधोमध रेघ मारली. डावीकडचा भाग खरडून काढला. "हे जाईल. हे राहील. पहिले काही आठवडे नाकातल्या नळीने खाणं. मग पातळ. मग हळूहळू भात." बोलणं येईल का, असं विचारल्यावर त्याने स्वतःच तोंड उघडून, जीभ एका बाजूला दाबून बोलून पाहिलं. त्या गर्दीच्या व्हरांड्यात तो मुलगा वाकडी जीभ करून अक्षरं म्हणत होता. ट. ठ. ळ. र. "ही नीट येणार नाहीत. प, ब, म येतील. ती ओठांची आहेत." आणि मग ओशाळून हसला आणि केसपेपर माझ्या हातात दिला. मला अजून वाटतं, मला ती नोकरी त्या व्हरांड्यात समजली.

घरी आले तेव्हा दुपारच्या बायका उठून गेल्या होत्या. आई एकटीच साडी मांडीवर घेऊन बसली होती. आबा पाळीवर गेले होते. मी विचार केला होता की जेवण करू, मग तिच्याच रीतीने विचारू, तुला काय वाटतं, दुखतं का, डॉक्टर काय म्हणाले असतील. मी वाटेत वाक्यं जुळवत आले होते. मी साडी बदलली, पाणी प्यायले आणि तिच्यासमोर बसले, तर आईनेच सुरुवात केली.

"काय इचारं तठे?"

"विचारलं की अवघड गोष्ट माणसाला कशी सांगायची."

"मंग तू काय सांगं?"

"तुझं सांगितलं. सरूमावशीचं. ताटाचं."

"आय्या!" ती लाजली. "तेबी सांगं? इतला मोठा लोकसले?" कात्री थांबली नव्हती. आणखी तीन-चार धागे कापले तिने. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग आते माले सांग."

मी केसपेपरसाठी पिशवी जवळ ओढली.

"तुन्हा बाप कालपाईन हळू बोली राहिना," आई म्हणाली. "इतला वरीसमा कधी हळू बोलना नही तो. माले कालच समजनं. मी म्हनं, पोरनी मुलाखत व्हई जाऊ दे."

ती आदल्या दिवसापासून ओळखून होती. तिने माझी साडी इस्त्री केली ती ओळखून. मला केळं दिलं ते ओळखून. मी तिला वाचवत होते असं मला वाटत होतं, आणि ती माझी मुलाखत वाचवत होती. आणि आता तो प्रश्न विचारून तिने माझं पहिलं वाक्य माझ्यासाठी बोलून टाकलं होतं. आज मी साठीच्या जवळ आहे. हजारो माणसांना मी ऐकायला नकोशा गोष्टी सांगितल्या आहेत. तरी त्या क्षणी आईने काय केलं हे मला पूर्ण सांगता येत नाही. तिच्यासमोर बसल्या बसल्या मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. खूप उंच काही तरी अचानक समोर दिसावं आणि मान वर करून बघत राहावं, तसं काहीतरी होतं.

मी केसपेपर काढून तिच्या मांडीवर, साडीवर ठेवला. "कॅन्सर आहे, आई. जिभेचा. शनिवारी ही बाजू काढतील."

"समदी नही?"

"नाही. ही राहील."

ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. तिने रेघेवरून बोट फिरवलं. खाण्याचं विचारलं, मी सांगितलं. नळीचं सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. किती दिवस दवाखान्यात, आबांना भाकरी कोण करून देईल, हे विचारलं. मग बोलण्याचं विचारलं. मी अक्षरं सांगितली. तिने ती एकेक म्हणून पाहिली, जशी बाजारात फळं हातात घेऊन बघावीत तशी. र म्हटल्यावर थांबली.

"तुन्हं नाव लेता ई का माले? रेखा?"

"साफ नाही येणार."

आईने कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "मंग तुले माय म्हनसू. ओठ त ऱ्हातीन ना." आणि मग रडली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि काही बोलले नाही, कारण तिथे काही बोलायचं नसतं हे मी बघितलेलं होतं.

शुक्रवारी आबांनी कागदावर सही करायला पेन उचललं, तेव्हा आईने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःची सही केली. आबा बघत राहिले. "तुले कोनी सांगं?" त्यांनी सवयीच्या आवाजात विचारलं आणि सगळा वॉर्ड वळून बघू लागला. आई म्हणाली, "तूच."

ऑपरेशननंतर आईचं बोलणं पहिल्यांदा समजलं ते आबांना. लूमवर कानाने काही कळत नाही, माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. नर्सला आणि मला नुसता घशातला आवाज ऐकू येत होता, आणि आबा दारातून म्हणाले, "उशी मांगी राहिनी ती." पुढे वर्षानुवर्षं परक्यांशी ती बोलायची ते आबांच्या तोंडून, आणि आबा गेल्यावर माझ्या. गल्लीने तिला बोलवायचं थांबवलं नाही. ती जायची, ताट ठेवायची, समोर बसायची. विचारायची ती डोळ्यांनी. माणसं तरीही सांगायला लागायची.

दवाखान्याचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. मी तिथे तीस वर्षं काम केलं. डॉक्टरबाई निवृत्त होईपर्यंत माझ्याशी त्या मुलाखतीबद्दल कधी बोलल्या नाहीत. फक्त माझ्यानंतर जी जी मुलगी निवडली, तिला त्या माझ्याकडे पाठवायच्या आणि म्हणायच्या, आधी हिच्याजवळ नुसती बस.

आई या हिवाळ्यात गेली. वयाने, झोपेत. सुरतेतल्याच डिंडोलीच्या घरात आता मी एकटी आहे. नोकरी संपली तरी आठवड्यातले तीन दिवस मी अजून दवाखान्यात जाते.